दशगजाच्या पलीकडे नेलेला नवनाथ

ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी सव्वातीन वाजता कॉन्स्टेबल नवनाथला गस्तीवर नाग चावला. नवनाथ चाकणजवळच्या गावचा. मी रहाटणीचा, तेव्हा हेड कॉन्स्टेबल. नेपाळ सीमेवरच्या त्या पोस्टवर मराठी आम्ही दोघेच.

पोस्टसमोर भाताची शेतं आणि त्यापुढे दशगजा, म्हणजे दोन देशांमधली मोकळी पट्टी. तिथं कुंपण नाही, फक्त पांढरे खांब. पलीकडे नेपाळगंज शहर. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आणि आठवड्याची सुट्टी शनिवारी. आमच्या बाजूची म्हातारी माणसं मोतीबिंदू काढायला टांग्यातून तिकडे जायची. तिकडच्या बायका लग्नाचं कापड घ्यायला इकडे यायच्या. आम्ही पिशव्या तपासायचो आणि सोडायचो.

जिल्ह्याचं रुग्णालय आमच्यापासून दोन तासांवर होतं. नेपाळगंजचं सर्पदंश केंद्र वीस मिनिटांवर. त्या केंद्राची पद्धत वेगळी होती. फोन आला की जवळचा स्वयंसेवक आपली मोटरसायकल काढायचा. रुग्ण मधे, त्याला धरणारा मागे. बांधावरून अँब्युलन्स चालत नाही, मोटरसायकल चालते.

आमच्यासाठी नियम एकच होता. गणवेशात किंवा हत्यार घेऊन दशगजा ओलांडायचा नाही.

नवनाथची सुट्टी रविवारपासून मंजूर होती. गावात रस्त्यासाठी जमिनीची मोजणी व्हायची होती आणि घरी वडील एकटे. आठवडाभर त्याचं तेच चाललं होतं.

"मोजणीला मी पायजे, भाऊ. म्हातारं कुठंबी सही करून मोकळं व्हईल."

"तुझ्यापेक्षा हुशार हाय तुझा बाप," मी म्हणालो. "तूच मोजणीवाल्याला चहा पाजून वर बांध देऊन येशील."

त्या दुपारी गस्त परतली तेव्हा तो सगळ्यांच्या मागे लंगडत होता.

"काय झालं रं?"

"न्हाई काय. तार लागली."

"हितं तार कुठनं आली?"

त्याने पाय मागे घेतला. मी त्याचा मोजा खाली केला. घोट्यावर दोन खुणा, भोवती सूज. वर बुटाची नाडी करकचून बांधलेली.

"सव्वातीनला नाग चावला. ॲडमिट केलं तर सुट्टी जाईल," तो म्हणाला. "सायबाला सांगू नका."

चार वाजले होते. पाऊण तास गेला होता. त्याच्या पापण्या जड झाल्या होत्या. पोस्टवर फक्त फर्स्ट एड होतं. मी आधी केंद्राला फोन केला, मग वायरलेस घेतला. वायरलेसच्या दुसऱ्या टोकाला असिस्टंट कमांडंट होते.

"एक जवान, सर्पदंश. सीमापार ले जाने की इजाज़त चाहिए. ओव्हर."

"होश में है? ओव्हर."

"है. पलकें गिर रही हैं. ओव्हर."



"वर्दी उतारो, हथियार पोस्ट पर. उनकी पुलिस से मैं बात करता हूँ. निकलो. आउट."

नवनाथला हाफपँट आणि साधा टी-शर्ट घातला. मी लुंगी गुंडाळली. केंद्राचा स्वयंसेवक लक्ष्मण चौधरी मोटरसायकलवर आला. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. शनिवार म्हणून तो घरी होता.

"बीच में बिठाइए, भैया. गर्दन मत गिरने दीजिए."

मी एका हाताने नवनाथला आवळलं आणि दुसऱ्या हाताने त्याचं डोकं धरलं. खांब मागे पडले.

"भाऊ, सुट्टी..."

"ऱ्हाती तुझी सुट्टी. गप बस."

शहरात शिरेपर्यंत त्याची जीभ अडखळायला लागली. केंद्रात लगेच सलाइनमधून औषध सुरू झालं. तासाभरात श्वास मंदावला. त्याला मेडिकल कॉलेजमध्ये हलवून व्हेंटिलेटरवर ठेवलं. रविवारी सकाळी तो गेला. तिथल्या कागदावर वेळ सहा पंचवीस आहे, आमच्या रेकॉर्डवर सहा दहा.

दशगजापर्यंत नेपाळच्या शिपायांनी स्ट्रेचर आणलं. तिथून आम्ही खांदा दिला आणि खांबाच्या अलीकडे त्याला गणवेश घातला. लक्ष्मण मोटरसायकलपाशी उभा होता.

"कितने बजे काटा था?" त्याने विचारलं.

मी वेळ सांगितली. "फोन तो पौन घंटे बाद आया," तो म्हणाला.

पार्थिवाबरोबर मी चाकणला आलो. मोजणी पुढे ढकलली होती. ती दशक्रियेनंतर झाली. त्याचे वडील हद्दीच्या दगडावर उभे राहिले आणि त्यांनी प्रत्येक आकडा मोठ्याने दोनदा वाचायला लावून मगच सही केली. मी शेजारी होतो.

मी परत हजर झालो त्या आठवड्यात आमच्या कंपनीचा, म्हणजे तुकडीचा, आदेश निघाला. साप चावल्यास आधी पलीकडे फोन, मग रिपोर्ट. प्रत्येक गस्तीबरोबर साधे कपडे. जखमी जवानाची मंजूर सुट्टी रद्द होणार नाही. रोलकॉलला तो वाचून दाखवताना मी नवनाथचं नाव घेतलं. आदेशात ते नव्हतं.

त्यानंतर त्या पोस्टवर दोन जवानांना नाग चावला. दोघांनी जागेवरच सांगितलं. दोघांना लक्ष्मणनेच नेलं. दोघेही आज ड्यूटीवर आहेत.