पारव्वाचा उलटा हात

वर्गात कुणी भुताखेताची गोष्ट काढली तर त्याला बाकावर उभा करणारा मी मास्तर. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते... पण लाज काही तेवढ्याचीच नाही.

लढाई सुरू होण्याच्या आदल्या वर्षी आम्ही निपाणीत, तंबाखूच्या वखारींमागच्या गल्लीत राहत होतो. माझी विधवा थोरली बहीण, आक्का, आमच्याकडेच असे. थंडीतापाच्या पाळ्या येऊन येऊन तिचा डावा पाय सुजला होता. डॉक्टर म्हणाले, हत्तीरोगाची सुरुवात आहे, पाय उशीवर ठेवा. याहून इलाज त्यांच्याकडे नव्हता.

मग बायकोने पारव्वाला आणलं. ही जांबोटीकडची सुईण, निपाणीत लेकीकडे राहायला आलेली. मालिश करताना ती मला खोलीबाहेर काढी, बायको तेवढी मदतीला थांबे. बायको सांगे, पायाला हात लावण्याआधी अर्धा तास मान, काखा, पोट, जांघ यांवरूनच पारव्वा हात फिरवते, तोही तान्ह्या बाळाला फिरवावा तसा.

मी एकदा टोमणा मारला, "पारव्वा, पाय खाली हाय गं. वाट चुकलीस व्हय?"

"मास्तर, खाचरातलं पाणी काढताना आदी खालचा बांध फोडत्यात. फुडं जागाच न्हाय तर पाणी जाणार कुठं? आन् जोर लावू नगा कुणी. ह्ये पाणी कातडीखालीच हाय, हाडात न्हाय."

महिन्याभरात आक्काच्या घोट्याचं हाड दिसू लागलं. पण मी तालमीत वाढलेला. वाटलं, हलक्या हाताने एवढा गुण, तर चांगलं रगडल्यावर आठवड्यात पाय मोकळा होईल. बायको माहेरी चिकोडीला गेली होती, पारव्वाही दोन दिवस आली नव्हती. कोमट तेल घेऊन मी आक्काचा पाय अंगठ्यांनी रगडला. ती म्हणत होती, "हळू रं, बाबा." मी थांबलो नाही. संध्याकाळी पाय लालबुंद झाला, ताप चढला. पाचव्या दिवशी आक्का गेली.

लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, पारव्वाच्या मालिशीने झालं. बायकोलाही तेच सांगितलं. पारव्वाला कुणी बोलावेना. लेकीच्या दारात लोक वाटेल ते बोलू लागले. ती जांबोटीला परत गेली आणि त्याच पावसाळ्यात वारली.

गेल्या वर्षी बायकोचा पाय तसाच सुजला. एका दुपारी ती कण्हत होती म्हणून मी नुसता शेजारी बसलो... आणि माझे हात तिच्या मानेवर गेले. मी नेले नाहीत. मान, काख, पोट, जांघ — हा क्रम मी ऐकून होतो, तेव्हा त्याचं नवल मी करत नाही. पण गुडघ्यामागे पोचल्यावर माझा हात आपोआप उलटा झाला आणि बोटांची मागची बाजू कातडीवरून फिरू लागली.

बायको बघतच राहिली. "ह्ये कुणी दावलं तुमाला?"

मी म्हणालो, कुणी नाही.

"पारव्वा गुडघ्यामागं पोचली की असाच हात उलटा करायची. भाताच्या कामानं तिचा तळहात खरबरीत झालता, आक्कांना बोचायचा म्हणून."

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. आणि तालीम सुटल्यापासून माझ्या तळहातांना तर खडूशिवाय कशाची सवय नाही.

तासाभरात सूज दिसण्याइतकी उतरली. बायकोने पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाली, "पारव्वाचा इतका हलका हात... ह्या हातानं आक्का गेल्या?"

मी सगळं सांगितलं. तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

"जांबोटीला जावा. तिच्या माणसांत बसून ह्ये सांगा. तवर माझ्या पायाला हात लावायचा न्हाय."

सूज परत आली आहे. मी दोनदा जांबोटीच्या वाटेवरच्या खानापूरपर्यंत गेलो आणि तिथूनच माघारी फिरलो. त्या दुपारी माझ्या हातांत काय आलं होतं, ते मला अजून उमगलेलं नाही. बायको आता भिंतीला धरून चालते.