कुणी न मागितलेली वीज

बादल राठोड काय काम करतो, हे महागावजवळच्या त्याच्या तांड्यात कुणालाच धड सांगता येत नसे. मोटर जळली की लोक त्यालाच हाक मारायचे, आणि तो "मले नाई जमत" म्हणाला की "मंग शिकला कायले?" असं तोंडावर विचारायचे. बाप गेल्यावर आई सुखीबाई एकटी पडली, म्हणून पुण्याची नोकरी तो घरी घेऊन आला होता. त्याचं मात्र सगळ्यांना कौतुक होतं.

त्याचं काम होतं यंत्रांमधल्या सर्किट बोर्डावर वीज वाटून देणाऱ्या रेग्युलेटरांचं. कुठल्या रेग्युलेटरवर काय जोडलंय, ते एका फाइलमध्ये लिहायचं. लिनक्स या संगणक प्रणालीचं कर्नल, म्हणजे तिचा गाभा, ती फाइल वाचतं, आणि ज्या लाइनवर कुणाचीच मागणी आली नाही, ती बिनकामाची समजून बंद करतं. बादलच्या बोर्डावर एक चिप अशी होती, की तिला वीज तर लागे, पण मागता येत नसे. लाइन तुटली की ती मुकाट पडून राही. फाइलमध्ये लिहायला बादलने एक नवा गुणधर्म सुचवला: मागणी नसली तरी ही लाइन तोडू नका, थोडं थांबा. असल्या सूचना जगभरचे जाणकार ईमेलवर तपासतात. त्यातल्या एकाने ती परत पाठवली. "काय करायचं ते कर्नलला शिकवू नका. त्या लाइनवर कोण जगतंय, तेवढंच लिहा."

बादल हट्टाला पेटला. पुन्हा लिहायचा, पुन्हा परत यायचं.

तिकडे मुकुटबनजवळच्या तांड्यात सुखीबाईचा भाऊ हिरासिंग अंथरुणाला खिळला होता. बादलला ते माहीत होतं. एवढं मंजूर झालं की याडीला, म्हणजे आईला, घेऊन जाऊ, असं त्याने ठरवलंही होतं, पण मनातल्या मनात. आणि सुखीबाई मागणाऱ्यातली नव्हती. माहेर मागून घ्यायचं नसतं, भावाने बोलवावं नाहीतर लेकाने न्यावं, अशा वळणात ती वाढलेली. ती दुपारी त्याच्या दारात येऊन बसायची.

"मुकुटबनकडं कापूस फुटला असन न रे?"

"असन, याडी."

एकदा तिने पेटीतला जुना फेटिया, आरशांचा तो घागरा, अंगणात वाळत घातला. माहेरी जायचं असलं तरच ती तो नेसायची.

"ऊन देऊन राह्यली का?"

"हो, किडा लागते."

"काही पाह्यजे का तुले?"

"मले काय पाह्यजे, बापा. तू कर तुह्यं काम."

आणि हा शहाणा खरंच कामाला लागला. फेटिया पुढेही दोनतीनदा अंगणात आला, तरी याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय!

शेवटी त्याने चिपचं नाव, तिची लाइन, तिला काय लागतं, एवढंच सरळ लिहून दिलं. एका सकाळी होकार आला. बादल उड्या मारतच अंगणात आला.

"याडी, चाल, उद्या मामाकडं जाऊ!"

सुखीबाई फेटियाची घडी घालत होती. तिने वर पाहिलं नाही.

"रूपसिंगचा फोन आलता. पहाटी गेला मामा तुह्या."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तू कामात होता."

बादलला स्वतःची इतकी लाज वाटली, की गाडीची किल्लीही त्याला सापडेना. मुकुटबनला मामेभाऊ रूपसिंग दारातच उभा होता. आत बायांचं रडणं चालू होतं. फेटिया नेसलेल्या सुखीबाईला पाहून सगळ्या बाजूला सरकल्या.

त्यांच्या लोकांत बहीण बऱ्याच दिवसांनी भावाला भेटली की आधी त्याच्या गळ्यात पडते, आईबापाची, लहानपणाची आठवण काढत सुरात रडते. भाऊ मधूनमधून "उगी, बाई" म्हणतो. पाणी, चहा, सगळं त्यानंतर. मरणाच्या रडण्याचा सूर वेगळा.

सुखीबाई खाली बसली. हिरासिंगच्या थंड मानेखाली हात घालून तिने सूर धरला, आणि बायांनी एकमेकींकडे पाहिलं. तो मरणाचा नव्हता, भेटीचा होता. भावाने उगी म्हणायची जागा आली की ती थांबायची, थोडी वाट बघायची, आणि मग पुढचं रडायची. बादल दारात उभा राहून ते ऐकत राहिला.