ओकुदासाहेबांचा झाडीपट्टीतला चेला

देवराव पेंटरसमोर जपानचं नाव काढू नये, हे आमच्या गावात शेंबडं पोरही जाणून होतं. काढलंच, तर दुकानाची अर्धवट पाटी तशीच वाळत पडायची आणि देवराव ब्रश कानावर खोचून ओकुदासाहेबांचं चरित्र सुरू करायचा.

ओकुदासाहेब म्हणजे जपानातले कार्टूनपटांचे डायरेक्टर. मुंबईच्या एका स्टुडिओत ते काही आठवडे शिकवायला आले, तेव्हा देवराव तिथं कामाला होता. काम काय? तर चित्रांच्या पारदर्शक कागदांवर उठलेले बोटांचे ठसे मऊ फडक्यानं पुसायचे. सांगताना मात्र सुरुवात 'मी आन् ओकुदासाहेब' अशीच. साहेबांनी तरुणपणी भाड्यानं वाचायच्या चित्रपुस्तकांत रेघोट्या ओढल्या, मग टीव्हीच्या मालिका केल्या. दर आठवड्याला नवा भाग हवा, चित्रं हजारो आणि हात मोजकेच. त्यातून साहेबांनी आपली पद्धत काढली. मारामारी ऐन रंगात आली की चित्र जागच्या जागी थांबवायचं, त्यावर खडूच्या जाड रेघा ओढायच्या, मागून मावळतीचं ऊन सोडायचं आणि बघणाऱ्याला श्वास धरून बसवायचं. कोणी मान वळवली, तर तेच वळवणं तीनदा दाखवायचं. एकदा काढलेलं चित्र तीनदा वापरलं की मेहनत वाचते, एवढं आम्हालाही कळत होतं. देवराव त्याला कला म्हणायचा.

"जिथी जीव थांबते तिथी चित्र थांबलं पायजे," तो सांगे. "तुमाले नाई समजणार. बुद्धाचा देश हाये तो."

स्टुडिओतलं काम सुटलं तसा देवराव कुरखेड्याकडं, आमच्या गावी परत आला. वासरांत लंगडी गाय शहाणी. कलाकाराची नजर म्हणून गावानं त्याला मंडईच्या शंकरपटात झेंडी दिली. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, रात्री नाटकं होतात, आणि शंकरपटात बैलजोड्यांची शर्यत लागते. ज्याची जोडी रेघ आधी ओलांडेल त्याच्या बाजूला झेंडी पाडायची, एवढंच काम.

पंच्याऐंशी सालच्या मंडईत शेवटची जोड लागली ती आमच्या गुणवंतरावांची आणि नदीपलीकडच्या मुखरूची. दोघे होणारे व्याही. गुणवंतरावांच्या कमळाचं मुखरूच्या लटारूशी साक्षगंध झालेलं, लग्न तोंडावर. जोड्या सुटल्या, धुळीचा लोट उठला, चारी बैल रेघेपार गेले. झेंडी मात्र वरच्या वर! देवराव पुतळ्यासारखा उभा. गुणवंतराव म्हणाले माझी जोडी आधी, मुखरू म्हणाला माझी. पंचांनी देवरावला विचारलं.

"हे तोंडानं सांगाची गोष्ट नोहे," देवराव म्हणाला. "दाखवा लागते. पुढच्या मंडईले चित्र चालवून दाखवतो."

आणि आमच्या गावानं हे मान्य केलं! माणूस तोंडानं खोटं बोलेल, पण काढलेलं चित्र कसं खोटं असेल, असं पंच म्हणाले आणि शहाण्यासुरत्या माणसांनी माना डोलावल्या. गुणवंतरावांनी तिथंच जाहीर केलं, आधी निकाल, मग अक्षता. मुखरूनंही तेच घोकलं. बैलांच्या नाकांसाठी पोरीचं लग्न वर्षभर टांगून ठेवणाऱ्या दोघा बापांची मला आजही चीड येते.

वर्षभर देवरावचं सोनं झालं. गुणवंतरावांकडून नवे तांदूळ येत, मुखरूकडून नदीतले मासे. देवराव दोन्ही एकाच ताटात घेई. "डायरेक्टर कोणाच्या बाजूचा नसते," असं वर ऐकवी. बायको सत्यशीला कंदील धरायची, तो कागदावर कागद ठेवून बैल गिरवायचा. लाकडी पेटीत गॅसबत्ती, पुढं भिंग, बाजूला फिरवायचं हँडल, असं यंत्रही त्यानं जमवलं. इकडं कमळा विहिरीवर गेली की बाया विचारत, "काऊन वं, मोडलं का?" तिनं विहिरीवर जाणंच सोडलं.

मंडई आली. संध्याकाळी नाटकाआधी पांढरा पडदा बांधला. एका अंगाला गडी, एका अंगाला बाया, पुढं दोघे व्याही एकमेकांकडं पाठ करून. देवराव जपानी पद्धतीनं कमरेत वाकला आणि हँडल फिरवू लागला. पडद्यावर आभाळ आलं. बराच वेळ आभाळच होतं. मग गवत हललं. ते तीनदा हललं. मग एकदाचे बैल पळाले, आणि खरं सांगतो, पळणारे बैल बघून आमच्याही तोंडाचा आ झाला. रेघ जवळ आली. मंडळी उठून उभी राहिली. रेघ तीनदा जवळ आली.

आणि चित्र थांबलं.

जाड जाड रेघा, मागं मावळता सूर्य, पुढं काळेकुट्ट बैल. डावीकडची जोडी बोटभर पुढं.

"ते डाव्या अंगाची माही!" गुणवंतराव ओरडले. "शिंग पाहा ना त्याचं!"

"माही हाये ते!" मुखरू धावला. "माह्या बैलाले मी नाई ओळखणार?"

दोघंही एकाच जोडीवर हक्क सांगत होते. उजवीकडची कोणालाच नको होती. धक्काबुक्की होणार, तेवढ्यात सत्यशीला न राहवून म्हणाली, "अवं, दोन्ही एकच हायेत. एकाच कागदावरून दोनदा गिरवलं यायनं. मीच कंदील धरला होता."

मंडई खदखदून हसली. आयुष्यभर बैल पोसलेले दोन बाप कोळशासारखे काळे पडले. देवरावनं घाईघाईनं, दोन वस्तू एका रेषेत ठेवू नयेत असं ओकुदासाहेब सांगत, वगैरे सुरू केलं.

बायांतून कमळा उठली आणि सरळ पेटीपाशी आली. हसू विरलं.

"देवरावभाऊ, तुमच्या साहेबाचं राहू द्या. त्या दिवशी कोण जितलं?"

देवरावनं हँडल सोडलं. या वेळचं थांबणं ही काही पद्धत नव्हती.

"मी पाह्यलंच नाई, बाई," तो म्हणाला. "उन्हात धूळ लय सुंदर दिसत होती. मी तेच पाहून राह्यलो होतो."

त्याच्या सुंदर धुळीत या पोरीचं वर्ष गेलं होतं, आणि ते सगळ्यांना एकदमच कळलं. मी त्याला शिवी देणार होतो, पण ती मला स्वतःलाही लागू होती, कारण हँडल फिरत होतं तोवर मीही नुसते बैलच बघत होतो.

पंच खाकरले. आता एकच उपाय, उद्या दोन्ही जोड्या पुन्हा पळवू, म्हणजे एकदाचा निकाल लागेल. गुणवंतराव लगेच तयार झाले. मुखरूही झाला. दोघांचं वर्षात पहिल्यांदा एकमत झालं.

कमळानं बापाकडं पाहिलं, लटारूकडं पाहिलं. लटारू खाली बघत होता. मग ती वळली आणि बायांच्या अंगाला, लटारूच्या आईजवळ, भागीरथाबाईपाशी जाऊन उभी राहिली.

भागीरथाबाई बाजूला सरकली, चटई झटकली.

"ये, बस पोरी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "बैलाईचं बैल पाहून घेतीन."