फ्लॉपीतलं जंक्शन

पितांबरला धीर कसा तो माहीत नव्हता. चहा उकळायच्या आत गाळायचा आणि समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करायचा. असा माणूस जळगावात कॉम्प्युटर क्लास चालवून रिकाम्या वेळी आगगाड्यांचा खेळ खेळायचा, हेच नवल. त्या खेळात रूळ टाकायचे, सिग्नल लावायचे, गाड्या सोडायच्या. आणि सगळं कसब गाडी थांबवण्यात!

जोडीदार धुळ्याचा वाल्मीकभाऊ, त्याचा थोरला मावसभाऊ. ट्रकच्या धडकेत कंबर गेल्यापासून तो खाटेवरच. बायकोने, कमलबाईने, जुना कॉम्प्युटर त्याच्या उशाशी आणून ठेवला, तेव्हा कुठे माणूस पुन्हा बोलायला लागला. दोघांची रेल्वे एकच, एका फ्लॉपीत. ती एसटीच्या कंडक्टरच्या हाती जळगाव-धुळे फिरायची. एकेरी रुळावर ज्या ड्रायव्हरच्या हाती स्टेशनमास्तरने दिलेला परवान्याचा गोळा त्याचीच गाडी, तसा ज्याच्या हाती फ्लॉपी त्याचाच डाव. नक्कल कुणीच ठेवायची नाही, हा वाल्मीकभाऊचा नियम.

पितांबरने ठेवली. फ्लॉपी धुळ्यात असताना हा इकडे चोरून कोळशाच्या गाड्या पळवत होता. फ्लॉपी परत आली, तेव्हा त्याने उघडूनही पाहिली नाही. खाटेवरचा माणूस करून करून काय करणार, असं म्हणत त्याने तिच्यावर आपली नक्कल चढवून दिली. नंतर हा विचार त्याला विंचवासारखा डसत राहिला.

संध्याकाळी फोन आला. "जंक्शन देखं का रे?" वाल्मीकभाऊचा आवाज नुसता फुलला होता. "चारी बाजून्या बठ्ठ्या गाड्या एकच रूळवर, पन एक बी आडकत नही. पुढली जागा मोकळी व्हवाशिवाय मी गाडी जंक्शनमा सोडतच नही!"

ते जंक्शन पितांबरच्या नकलेखाली केव्हाच पुसलं गेलं होतं. तोंडातून मात्र निघालं, "झकास शे, भाऊ!"

मग त्याने ऐकीव माहितीवर ते जंक्शन पुन्हा बांधायची खटपट केली. सिग्नल इकडचे तिकडे केले, पण गाड्या समोरासमोर येऊन अडून राहिल्या. शेवटी फ्लॉपी होती तशीच धुळ्याला गेली.

पुन्हा फोन आला. या वेळी आवाज खोल गेलेला.

"पितांबर, जंक्शन नही शे त्यामा. तू तर देखेल व्हतं, म्हनजे आठे धुळामा उघाडताना मनाच हातथून पुसाई गयं व्हई. तुना कोळसाना गाड्या वाचन्यात, तेवढं बरं. माफ कर, भाऊ."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण आधी ते 'झकास' गिळावं लागलं असतं, आणि ते गिळवेना. पितांबरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जाऊ दे, भाऊ," तो म्हणाला. "व्हस आसं कधी कधी."

"तुनं मन मोठं शे," वाल्मीकभाऊ म्हणाला. "पन आते तू एकलाच खेय. मना हातवर मनाच भरवसा नही राहिना."