मधला ढोल

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काचबिंदूनं जवळजवळ दिसेनासं झालं, तरी त्यांची गजी सुटली नाही. गजी म्हणजे आम्हा धनगरांचा नाच. ढोल मध्ये वाजतो आणि हातात रुमाल घेतलेले गडी त्याच्याभोवती फिरतात. लासुर्ण्याजवळच्या आमच्या गावात बिरोबाच्या जत्रेला आबा अजूनही सगळ्यांच्या पुढं असतात. ढोल कायम एकाच कानाला ठेवायचा, की पाय आपोआप वळतात.

बारामतीच्या लोककला महोत्सवाचं बोलावणं आलं, तेव्हा मी मोडता घातला. जत्रेत पायाखाली माती असते, इथं माणसाच्या उंचीचं स्टेज.

"पडला म्हंजे?"

"ढोल मधी हाय तवर मी कुठं जातोय?" आबा म्हणाले. धोतर त्यांनी आधीच इस्त्रीला देऊन ठेवलं होतं.

महोत्सव म्हटलं की आधी हारतुरे. पाहुण्यांच्या भाषणांनी माझं डोकं उठलं. पण पिंपळीच्या बायकांचं भारूड रंगलं आणि साखर कारखान्याच्या सभेत एकमेकांवर तोंड टाकणारे दोघे शेजारीशेजारी बसून हसताना दिसले. तेवढ्यासाठी भाषणं माफ.

मग आमची गजी आली. आवाज नीट यावा म्हणून संयोजकांनी ढोलवाल्याला कोपऱ्यात, माईकसमोर उभं केलं. हेतू चांगलाच होता. पहिल्याच फेरीला आबा कोपऱ्याकडं सरकले, दुसरीला आणखी. ते सवयीनं ढोलाभोवतीच फिरत होते आणि ढोलामागं स्टेज संपलं होतं. मी उभी राहिले.

ढोलवाला आमचा शेजारी, आबांनीच तयार केलेला. वाजवता वाजवता तो माईक सोडून चालत थेट मधोमध आला. आवाज एकदम बारीक झाला. "माईकवर या," कुणीतरी खालून सांगत होतं. त्यानं ऐकलंच नाही. ढोलाबरोबर आबा आत वळले आणि रिंगण पुन्हा गोल झालं. निम्मा वेळ पाहुण्यांकडं गड्यांच्या पाठी होत्या. नीट ऐकू येईना म्हणून लोक खुर्च्या सोडून स्टेजला येऊन भिडले, अगदी आमच्या जत्रेत भिडतात तसे. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

परत येताना जीपमध्ये आबा ढोलवाल्याशेजारी बसले. मग त्यांनी चाचपत ढोलवाल्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मी लईच कडंला गेल्तो का रं?"

"न्हाय आबा," तो म्हणाला, "ढोलच कडंला गेल्ता."