फाटकापलीकडचं पाणी

एका अधिकाऱ्याने माझ्या मुलीला फसवलं. सिंगापूरहून निघण्याआधी तिने त्यालाच, विलगीकरणाचं काम बघणाऱ्या साहेबाला, फोन करून विचारलं होतं. आई अत्यवस्थ असल्याचा डॉक्टरांचा दाखला असेल तर विमानतळावरून थेट घरी सोडतील, असं तो म्हणाला होता. दाखला मी पाठवला. कोरोनाचं ते पहिलं वर्ष. विमानात जागा मिळवताना तिच्या नाकी नऊ आले. तिरुचीला उतरल्यावर मात्र इतरांबरोबर तिलाही बसमध्ये घालून पापनाशमजवळच्या एका वसतिगृहात विलगीकरणात ठेवलं. आमचं घर कुंभकोणमला, तिथून फार लांब नाही. मी फोन केला तेव्हा तोच साहेब म्हणाला, "आजाराला सूट नाही, अय्या. मृत्यू झाला तर कळवा."

माझी बायको यकृताच्या दुखण्याने शेवटाला आली होती. तिला एकच हवं होतं, मुलीच्या हातचं तुळशीचं पाणी. मी डोक्यावर पितळी भांडी घेऊन चोळपुरमला दारोदार फिरलेला माणूस. आज बाजारात माझं दुकान आहे ते भाव करून उभं राहिलेलं. देवाशीही मी तसाच वागलो. देवघरातल्या विठोबाला म्हणायचो, तिला घरी आण, तुला चांदीची प्रभावळ करतो. तो गप्प, म्हणून मी दर वाढवत राहिलो.

शेवटी वसतिगृहाच्या फाटकावर गेलो आणि पहारेकऱ्याशी तमिळमध्ये हुज्जत घातली. पूर्ण सुटका नको, एक दिवस सोडा. दिवस नको, तासभर. तो ढिम्म. तेव्हा आमची, पिढ्यान्पिढ्या या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी लोकांची, जुनी खोड उफाळली. मराठी आम्ही घरात बोलतो, बाहेर तमिळ; पण गिऱ्हाइकादेखत काही लपवून बोलायचं असलं की मराठीत बोलतो, कुणाला कळत नाही म्हणून. मी त्या पहारेकऱ्याचा, साहेबाचा आणि दोघांच्या घराण्यांचा मराठीत उद्धार केला. विठोबालाही सोडलं नाही.

फाटकाच्या आत पीपीई किट घातलेली एक परिचारिका उभी होती. चष्म्यावर वाफ धरलेली, चेहरा कुठेच दिसत नव्हता. ती जवळ आली.

"मामा, पुरे करा. इतक्या शिव्या आमच्या आजोबांसही येत नव्हत्या."

तंजावरकडची जुनी माणसं घरात बोलतात तशी मराठी. मी खाली बघितलं.

"मुलीस सोडणं माझ्या हाती नाही," ती म्हणाली. "आईस इथं आणा. मागल्या फाटकाशी. मी असते."

शेजाऱ्याच्या व्हॅनमध्ये गादी घालून मी बायकोला नेलं. तिरुवलंचुळीच्या वळणावर तिथल्या देवळातल्या पांढऱ्या विनायकाला ती हात जोडायला गेली, तर हात उचलेना; मी उचलून दिला. मागच्या फाटकाच्या गजांपलीकडे, लांब झाडाखाली, मुलगी उभी होती. बायकोने तिला पाहिलं आणि म्हणाली, "किती वाळलीस ग. तिथं जेवत नव्हतीस?"

"जेवत होते, आई," मुलगी म्हणाली.

तिने तुळशीचं पान घातलेला पाण्याचा पेला जमिनीवर ठेवला आणि मागे सरली. परिचारिकेने तो उचलला, फाटक उघडून बाहेर आली आणि हातमोजे घातलेल्या हातांनी माझ्या बायकोच्या तोंडात थेंब थेंब पाणी सोडलं. मुलगी तिथूनच ओरडली, "मी देतेय, आई, मीच देतेय!" बायकोने मान हलवली. एवढीच त्यांची भेट. मायलेकींना एकमेकींना शिवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको गेली. मी कळवलं आणि संध्याकाळच्या आत मुलगी घरी पोचली. आता नियमात बसत होतं. उंबऱ्याशी ठेवलेल्या आईचे पाय धरून ती बसली, कितीतरी वेळ उठली नाही.

पुढे मी त्या परिचारिकेला शोधत गेलो. वसतिगृह रिकामं झालं होतं. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं आणि चेहरा पाहिला नव्हता. चौकशी तरी कशी करणार? ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. ज्या विठोबाला मी शिव्या दिल्या, त्याने तिथल्या तिथे माझ्या भाषेत उत्तर पाठवलं, एवढं मला पुरतं. प्रभावळ मी केली, पण कशाच्या बदल्यात म्हणून नव्हे. हल्ली देवघरात मी काही मागत नाही. तो देईल ते घेतो, नेईल ते नेऊ देतो.

पण ही मुभा विठोबाला, त्या साहेबाला नाही. साहेब, मेलेल्या आईसाठी सूट आहे आणि मरणाऱ्या आईसाठी नाही, हे तुम्हाला माहीत होतं, तर माझ्या मुलीला विमानात बसायच्या आधी का सांगितलं नाहीत? माझ्याशी बोलू नका. तिच्यासमोर या आणि तिला उत्तर द्या.