नऊ जण थांबले होते

हे मी आजवर कुणाजवळ काढलेलं नाही. मुलीजवळही नाही. तुम्हाला सांगतोय खरं — पण सुरुवात कुठून करू?

मी ज्यू. पुण्यात आमची घरं आता थोडीच उरलीत. प्रार्थनालयात पगारी माणूस ठेवणं परवडत नाही, म्हणून वीस वर्षं प्रार्थना मीच म्हणवायचो. आवाज बरा आहे, असा माझा समज होता. मग शालोम आला. माझा लहानपणचा शेजारी, तरुणपणी इस्रायलला गेलेला, म्हाताऱ्या आईसाठी परतलेला. एका शब्बाथला, आमच्या शनिवारच्या प्रार्थनेला, कुणीतरी त्याला पुढे बोलावलं. तो म्हणू लागला आणि वर सज्ज्यात बायका डोळे पुसू लागल्या. माझ्या वेळी कधी कोण रडलं होतं? पुढच्या शब्बाथला मीच म्हणालो, तूच म्हण रे, छान म्हणतोस. हसून म्हणालो. हसायला काय लागतं?

मी शाळेत गणित शिकवायचो. आमचे मुख्याध्यापक ख्रिस्ती. त्यांच्या खोलीत पाटी होती — देवावर जिवाभावाने प्रेम कर, शेजाऱ्यावर स्वतःसारखं. येशूने याच दोन आज्ञा सगळ्यांत मोठ्या मानल्या, असं ते सांगायचे आणि वर म्हणायचे, मूळ तुमच्याच ग्रंथातल्या हो, सर. मी फुगायचो. जणू मीच लिहून ठेवल्या होत्या.

शालोमची आई गेली. तिच्या हातचा मलिदा खात मी मोठा झालो होतो. वर्ष भरलं की त्या दिवशी मुलाने कद्दिश म्हणायचं असतं. गेलेल्या माणसासाठीची ही प्रार्थना, पण तिच्यात मरणाचं नाव नाही. सगळी देवाची स्तुती. तिला दहा पुरुष लागतात. नऊ चालत नाहीत. तो दिवस कामाच्या वारी आला. खराडीला नोकरी करणाऱ्या दोघा तरुणांनी अर्धी रजा टाकली. मी तर येणारच होतो.

सकाळी कपडे केले, बूट घातले. निघताना मनात आलं — पुन्हा त्याचाच आवाज ऐकायचा? पुन्हा ते डोळे पुसणं बघायचं? बसून राहिलो. फोन आला. शालोमच.

"नऊ जण झालोत. तू आलास की सुरू करू."

"गुडघा धरलाय रे," मी म्हणालो. "पाऊल टाकवत नाही."

रिक्षा घेऊन येऊ का, त्याने विचारलं. मी नको म्हणालो. प्रार्थनालय माझ्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे.

त्यांनी आणखी दोघाचौघांना फोन केले, अकरापर्यंत थांबले. मग तरुणांना ऑफिस गाठायचं होतं. कद्दिश झालं नाही. आणि मला — हेच तर सांगायचंय — वाईट वाटलं नाही. मी चहा केला. चांगला लागला.

दुपारी शालोम दारात. हातात तेलाची बाटली. आईला याने आराम पडायचा, म्हणाला. जमिनीवर बसला, माझी विजार गुडघ्याच्या वर सारली आणि चोळू लागला.

"इथे दुखतंय?"

"हो," मी म्हणालो. "जरा वर."

महिन्याभरात तो इस्रायलला परत गेला. प्रार्थना आता पुन्हा मीच म्हणवतो. गुडघा तेव्हा दुखत नव्हता. आजही दुखत नाही.